तुंगचं प्रतिबिंब अखेर सरळ झालं (किनारा वाकडाच ठेवून)

सुटला एकदाचा! पवना धरणाच्या बॅकवॉटरवरचा तो तुंग किल्ल्याच्या डोंगराचा फोटो, ज्याच्यामागे मी तीन आठवडे लागले होते, काल रात्री साडेअकराला सरळ झाला आणि मी आईला झोपेतून उठवून दाखवला.

पाणी आरशासारखं, वारा शून्य, लेन्स ७० एमएमला, आडवी फ्रेम, तुंगचं वरचं टोक आत आणि पाण्यातलंही आत, आणि तरी फोटो बघितला की काहीतरी कलंडल्यासारखं वाटायचं. मी काय करायचे तर किनाऱ्याची रेघ धरून स्ट्रेटन, म्हणजे एडिटिंगमध्ये फोटो फिरवून सरळ. ऑटो बटणही नेमका किनाराच पकडतं. दोन डिग्री फिरवलं की किनारा आडवा व्हायचा पण तुंग उजवीकडे झुकायचा, शिवाय दोन डिग्रीत ३:२ फ्रेमची लांबी-रुंदी साधारण ५ टक्के जाते, म्हणजे पाण्यातलं टोक पार कडेला चिकटायचं. परत शून्यावर, परत दोन, मग मधलाच एक डिग्री, तो तर सगळ्यात वाईट.

काल सहज ग्रिड लावून वरच्या टोकापासून पाण्यातल्या टोकापर्यंत रेघ बघितली आणि लख्ख समजलं. डोंगराचा कुठलाही बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब हे ओळंब्यात एकाखाली एकच असायला हवेत, पाणी सपाट आहे ना! मूळ फाइलमध्ये ते होतेच. किनारा तिरपा दिसतो कारण तो खरंच आपल्यापासून लांब जातोय, उजवं टोक जास्त लांब म्हणून फ्रेममध्ये जास्त वर. म्हणजे कॅमेऱ्यातली लेव्हल पहिल्यापासून बरोबर होती. आता नियम एकच, टोक ते टोक उभी रेघ मारून स्ट्रेटन करायचं, किनाऱ्याकडे बघायचंच नाही.

मग क्रॉप. किनारा बरोब्बर मध्ये घेतला तर खाली नुसतं रिकामं पाणी उरतं, कारण उभं राहून काढलं की डोंगराचा किनाऱ्यावरचा भाग मोठा दिसतो आणि खालचा आखूड. म्हणून किनारा सोडून दोन्ही टोकांपासून कडेपर्यंतची जागा सारखी ठेवली आणि चौकोनी कापला. तुंग मुळात निमुळता, वरचा आणि खालचा मिळून अख्खी शंकरपाळी झाली! इतका समाधानाचा क्रॉप मी आजवर केलेला नाही.

सीपीएल, म्हणजे चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर, प्रतिबिंबासाठी मी काढूनच ठेवते, चुकीच्या कोनात फिरला तर प्रतिबिंबच फिकं होतं. जीएनडी (वर गडद, खाली पारदर्शक फिल्टर, आकाशाचा उजेड दाबायला) दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड पाव करणारा, सॉफ्ट पुरतो. तीनचा लावला की पाण्यातलं आकाश वरच्यापेक्षा उजळ येतं आणि ते डोळ्याला लगेच खोटं वाटतं. आणि फोकस डोंगरावर, पाण्याच्या पृष्ठभागावर नाही.

पुढच्या शनिवारी भंडारदऱ्याला जायचं ठरलं होतं, रतनगडासाठी. पण हे लिहिताना डोक्यात आलं की कॅमेरा दीड मीटरऐवजी पाण्यापासून एक फुटावर आणला तर किनाऱ्याचा तिरपेपणा आपोआप कमी होईल आणि वर-खालचे दोन भागही जवळजवळ सारखे होतील!! अडचण एवढीच की समोरचा मातीचा उंचवटा मग तुंगचा पायथा जास्त झाकेल. किती झाकेल ते तिथे जाऊनच कळणार, कदाचित गुडघ्याएवढी उंची बरी पडेल. तर भंडारदरा पुढे ढकलला, परत पवना. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ही खाडीसारखी जागा नुसता चिखल होते, त्याआधीच जायला हवं. पहाटे साडेपाचला पाण्याशी, ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा लावून, खाली अंथरायला ताडपत्री.