तुम्ही विचारलेत म्हणून: टर्बो नसलेल्या इंजिनातून आणखी किती ताकद निघते?

स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माझ्या जवळजवळ प्रत्येक परिचिताने कधी ना कधी हा प्रश्न विचारला आहे: "टर्बो बसवायचा नाही, सुपरचार्जरही नको, मग आहे त्याच इंजिनातून आणखी किती ताकद काढता येईल आणि सुरुवात कशापासून करावी?" (टर्बो आणि सुपरचार्जर हे दोन्ही हवा दाबून इंजिनात भरणारे पंप.) दोन वाक्यांत उत्तर दिले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे. ती दोन वाक्ये आधी सांगून टाकतो. इंजिन न उघडता, केवळ बाहेरचे भाग आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) प्रोग्रॅमिंग बदलून पाच ते दहा टक्के वाढ मिळाली, तर काम उत्तम झाले असे मी समजतो. त्याहून जास्त हवे असेल तर इंजिन आणखी वेगाने फिरवावे लागते, आणि तिथून पुढची प्रत्येक अश्वशक्ती खालच्या आरपीएममधल्या (मिनिटाला कमी फेरे असतानाच्या) ताकदीतून, इंजिनाच्या आयुष्यातून किंवा मालकाच्या खिशातून वसूल केली जाते.

याचे कारण हवेत आहे. पेट्रोल हवे तितके ओतता येते, पण ते जाळायला लागणारी हवा वातावरणाच्या दाबाने जेवढी आत येईल तेवढीच मिळते. अर्ध्या लिटरचा एक सिलिंडर पूर्ण भरला तरी त्यात जेमतेम ०.६ ग्रॅम हवा मावते आणि तिच्यासोबत पुरती ताकद देण्यासाठी ०.०५ ग्रॅमपेक्षाही थोडे कमी पेट्रोल पुरते. टर्बोच्या गाडीत दाब वाढवून हीच हवा दीडपट करता येते, म्हणून तिथे नुसत्या रिमॅपने (ईसीयूचे प्रोग्रॅमिंग बदलून) मोठे आकडे दिसतात आणि ते ऐकून आपल्या गाडीकडूनही लोक तशीच अपेक्षा धरतात. आपल्याकडे वाढवण्याजोगा दाबच नसतो. त्यामुळे चांगल्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दर लिटरमागे १०० न्यूटन मीटरच्या आसपास घुटमळतो आणि फार मेहनत घेतलेली मोजकी इंजिने १२० पर्यंत पोहोचतात. फेरारी ४५८ इटालिया हे त्यांपैकी एक: साडेचार लिटरमधून ५४० न्यूटन मीटर.

मग ताकद वाढते ती कशी? अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. टॉर्क अडला असेल तर आरपीएम उरतो. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण माझदाने स्वतःच घालून दिले आहे. एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारचे दोन लिटरचे इंजिन पूर्वी ६००० आरपीएमला १६० अश्वशक्ती देत असे. २०१८ मध्ये तेच इंजिन सुधारून ७००० आरपीएमला १८४ अश्वशक्ती देऊ लागले. गणित मांडून पाहिले तर जुन्या इंजिनाचा टॉर्क त्या शिखरावर सुमारे १८७ न्यूटन मीटर होता आणि नव्याचा सुमारे १८५. म्हणजे चोवीस अश्वशक्ती वाढल्या, पण शिखरावरचा टॉर्क वाढला नाही; तोच टॉर्क हजार फेरे पुढे नेला, एवढेच. एवढेच म्हणायला सोपे. त्यासाठी पिस्टन प्रत्येकी २७ ग्रॅमने आणि कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलके करावे लागले, व्हॉल्व्ह मोठे करावे लागले, थ्रॉटल रुंद करावा लागला आणि इंजिनाची कमाल मर्यादा ६८०० वरून ७५०० वर न्यावी लागली.

पिस्टनच्या वजनाची एवढी काटकसर का, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पिस्टन आणि रॉड यांवर येणारा जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मर्यादा ७००० वरून ८००० केली की वेग चौदा टक्क्यांनी वाढतो, पण रॉडच्या बोल्टांवरचा ताण तीस टक्क्यांनी. होंडा एस२००० चे दोन लिटरचे इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जाते तेव्हा त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर होतो, आणि तो पेलण्यासाठी ते इंजिन पहिल्यापासूनच तसे घडवलेले आहे. ईसीयूमधली मर्यादा बदलायला लॅपटॉपवर एक आकडा पुरतो, हे खरे. त्या आकड्याने बोल्ट बदलत नाहीत, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग कमकुवत असतील तर व्हॉल्व्ह कॅमच्या (त्याला उघडणाऱ्या उंचवट्याच्या) मागे वेळेवर बंदच होत नाही.

शिवाय इंजिन नुसते फिरून उपयोग नाही, तेवढ्या वेगात त्याला श्वास घेता आला पाहिजे. ७००० आरपीएमला पिस्टनचा वरून खाली येण्याचा प्रवास सव्वाचार मिलिसेकंदांत संपतो. एवढ्या वेळात सिलिंडर भरायचा तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडावा, उशिरा मिटावा आणि अधिक उंच उचलला जावा, म्हणून जास्त ड्युरेशनचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे, कॅमशाफ्ट (कॅम असलेले दांडे) बसवतात. मीही बसवले होते. माझ्या दोन लिटरच्या गाडीत ते बसल्यानंतर डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) कागद पाहून मी खूश झालो, आणि ती खुशी पहिल्याच घाटातल्या वळणापर्यंत टिकली. ४००० च्या खाली इंजिन मेल्यासारखे झाले होते, कारण उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह कमी वेगात आत घेतलेलीच हवा परत बाहेर ढकलू देतो. उभ्या गाडीत इंजिन लंगडत होते, आणि ब्रेकला मदत करणारा इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटल्यामुळे ब्रेकचे पेडलही दगडासारखे लागत होते. ज्याने ते बसवून दिले त्याने यातले काहीही आधी सांगितले नव्हते. पण खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते. मला फक्त वरचा आकडा हवा होता.

एक्झॉस्टविषयी जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाविषयीही नसतील. "थोडे बॅक प्रेशर लागतेच" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. दाब मागे अडकण्याचा कोणत्याही इंजिनाला फायदा नसतो. फायदा असतो तो लहरींचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लहर पाइपातून धावत जाते, जिथे पाइप एकत्र येतात तिथून उलट होऊन कमी दाबाची लहर म्हणून परतते, आणि ती नेमकी दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना पोहोचली तर जळालेला वायू ओढून काढते व पाठोपाठ ताजी हवाही आत खेचते. अशी वेळ जमून आली तर सिलिंडर त्याच्या आकारमानापेक्षाही जास्त भरतो. मात्र लहरीला परतायला लागणारा वेळ पाइपाच्या लांबीवर ठरत असल्यामुळे ही कृपा आरपीएमच्या एका पट्ट्यातच होते. चार पाइपांचे थेट एक करणारे हेडर (सिलिंडरांचे एक्झॉस्ट पाइप एकत्र आणणारा भाग) हा लाभ वरच्या टोकाला देतात. चारांचे दोन आणि दोनांचे एक करणारे हेडर तो मधल्या आरपीएममध्ये पसरवतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी नेहमी दुसरा प्रकार सुचवतो. अवाजवी जाड पाइप टाकला की वायूचा वेग मंदावतो आणि खालची ताकद जाते; बॅक प्रेशरची दंतकथा बहुधा यातूनच जन्मली असावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) काढून टाकायचा सल्ला मी देत नाही.

इनटेकचे तत्त्वही हेच आहे, फक्त तिथे तापमानाचा मुद्दा जास्त मोठा आहे. आत येणारी हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. म्हणून इंजिनाच्या शेजारी उघडा ठेवलेला शोभेचा फिल्टर आवाज वाढवतो आणि बरेचदा ताकद कमी करतो. बंद डब्यातला मूळ फिल्टर, बाहेरची थंड हवा आणि गुळगुळीत मार्ग, एवढे असले तरी पुरते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) दहावरून अकरावर नेले तर सैद्धांतिक लाभ दोन-तीन टक्क्यांचा, आणि त्यासाठी इंजिन उघडून वर चांगल्या ऑक्टेनचे इंधन कायमचे पत्करायचे. दुसऱ्या कारणाने इंजिन उघडले असेल तरच ते करावे. रिमॅपचा उपयोग यानंतर, बदललेल्या श्वासाला इंधन आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जुळवण्यासाठी. टायमिंग एका बिंदूपर्यंत पुढे नेले की टॉर्क वाढतो, त्यापुढे नेले तर तो घटतो आणि नॉकिंग (मिश्रणाचे अनियंत्रित, ठोके देणारे पेटणे) मात्र वाढते.

कारखान्याने आधीच पिळून काढलेल्या इंजिनात किती कमी शिल्लक असते, हे बीएमडब्ल्यूच्या २००३ च्या एम३ सीएसएलवरून कळते. साध्या एम३ चे इंजिन ३४३ अश्वशक्तीचे होते. त्याला कार्बन फायबरचा मोठा एअरबॉक्स, वेगळे कॅमशाफ्ट आणि बदललेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दिल्यावर आकडा झाला ३६०. पाच टक्के. जाहिरातीतल्या प्रत्येक भागाचे टक्के एकत्र बेरजेला घेऊन चाळीस अश्वशक्तीची स्वप्ने पाहणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो.

तेव्हा सुरुवात डायनोपासून करा. काहीही बदलण्याआधी गाडी मोजून घ्या, आणि नंतर त्याच डायनोवर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, हवामानाची तीच दुरुस्ती लावून प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा. दोन वेगळ्या डायनोंवरच्या आकड्यांमधील फरक तुम्ही बसवलेल्या भागाच्या लाभापेक्षा सहज मोठा असू शकतो. कागदावर वरचे टोक पाहू नका. ज्या आरपीएममध्ये तुम्ही खरोखर गाडी चालवता तिथला टॉर्क आधीच्या रेषेच्या वर आहे की खाली, ते पाहा. पैसे उरले असतील तर फायनल ड्राइव्हचा (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या दातेरी जोडीचा) विचार करा: दहा टक्क्यांनी आखूड केली की प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरचा जोर दहा टक्क्यांनी वाढतो, आणि इंजिनाला हातही लावावा लागत नाही. हजार किलोच्या, १५० अश्वशक्तीच्या गाडीतून पन्नास किलो कमी झाले तर वेग घेताना जवळपास आठ अश्वशक्ती वाढल्यासारखे होते.

माझ्या गाडीत आता मूळचेच कॅमशाफ्ट परत बसले आहेत. सोबत मधल्या आरपीएमचे हेडर, थंड हवेचा मार्ग, त्याला जुळणारा रिमॅप आणि आखूड फायनल ड्राइव्ह एवढे ठेवले आहे. डायनोवरचा वरचा आकडा त्या जुन्या कागदापेक्षा कमी आहे, आणि दुसऱ्या गिअरमधल्या वळणातून बाहेर पडताना गाडी त्या दिवसांपेक्षा स्पष्टपणे लवकर निघते.