पडद्यावरचा आकडा आणि वाहिनीतली वीज

भारप्रेषण केंद्रात, म्हणजे ग्रिडमधल्या विजेच्या वाहतुकीवर जिथून नियंत्रण ठेवले जाते तिथे, नव्याने रुजू झालेला अभियंता पहिले काही दिवस भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्याकडे पाहत राहतो. मीही तसाच पाहत होतो. कोणत्या वाहिनीतून किती मेगावॅट वाहत आहेत, कोणत्या उपकेंद्रात विद्युतदाब किती आहे, हे सारे तिथे दर काही सेकंदांनी बदलताना दिसते आणि ते जसेच्या तसे खरे आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक आकडा सीटी आणि पीटी (प्रवाह आणि दाब मोजण्याजोगे लहान करणारे ट्रान्सफॉर्मर), ट्रान्सड्यूसर (त्यांचे संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि संपर्कवाहिनी एवढा प्रवास करून आलेला असतो. त्यात थोडीफार चूक असतेच, आणि एखादा आकडा तर संपर्क तुटल्यामुळे कितीतरी वेळ जागीच गोठलेला असतो. आमच्या कामात संगणकाचा सर्वांत मोठा उपयोग आकडे दाखवण्याचा नसून त्यांतले कोणते विश्वासार्ह नाहीत हे शोधण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

महाविद्यालयात असताना पाच बसच्या (बस म्हणजे जिथे वाहिन्या एकत्र जोडल्या जातात तो बिंदू) जाळ्याचा लोड फ्लो, म्हणजे कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहील याचे गणित, आम्ही गॉस-सायडेल या पुन्हापुन्हा अंदाज सुधारण्याच्या पद्धतीने कॅल्क्युलेटरवर सोडवत असू आणि त्यात अख्खी दुपार जात असे. हजार बसचे जाळे असेल, तर त्याच्या अॅडमिटन्स मॅट्रिक्समध्ये (कोणती बस कोणाशी कशी जोडली आहे ते सांगणाऱ्या कोष्टकात) दहा लाख घरे होतात. मात्र प्रत्येक बस सरासरी तीन-चार शेजाऱ्यांनाच जोडलेली असल्यामुळे त्यांतली जवळजवळ सगळी घरे शून्य असतात. ही शून्ये साठवायची नाहीत आणि समीकरणे अशा क्रमाने सोडवायची की नवी घरे कमीत कमी भरली जावीत, ही युक्ती विल्यम टिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडली आणि लोड फ्लो सोडवण्याची न्यूटन-राफसन ही दुसरी पद्धत मोठ्या जाळ्यांसाठी व्यवहार्य झाली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू होऊन दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. तेव्हापासून संपूर्ण देशाची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात, आणि ती काही क्षणांत सुटतात, याचे मूळ त्या शून्यांच्या हिशेबात आहे.

परंतु लोड फ्लोला जनित्रांचे आणि भाराचे आकडे अचूक द्यावे लागतात, आणि चालू ग्रिडमध्ये तेच तर हाती नसतात. ही अडचण एमआयटीतील फ्रेड श्वेपे यांनी १९७० मध्ये स्टेट एस्टिमेशनच्या, म्हणजे मापनांवरून जाळ्याच्या खऱ्या स्थितीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीच्या, रूपाने सोडवली. समजा, एका बसमध्ये ३१० मेगावॅट येत आहेत असे एक मापक सांगतो आणि बाहेर जाणाऱ्या दोन वाहिन्यांवरचे मापक १८० आणि १४५ सांगतात. बेरीज ३२५ होते, म्हणजे कोणीतरी चुकत आहे. केवळ या तीन आकड्यांवरून चुकणारा कोण ते कळत नाही. मात्र याच वाहिन्यांच्या दुसऱ्या टोकांची मापने, बसचे दाब आणि रिअॅक्टिव्ह शक्तीचे (प्रत्यक्ष काम न करता जाळ्यात मागेपुढे होणाऱ्या शक्तीचे) आकडे एकत्र घेतले, आणि अधिक भरवशाच्या मापकाला अधिक वजन देऊन सर्व फरकांच्या वर्गांची बेरीज किमान केली, तर जाळ्याची सर्वांत संभाव्य स्थिती मिळते आणि खोटा आकडा त्या स्थितीशी विसंगत म्हणून वेगळा पडतो. गरजेपेक्षा जास्त मापने घेणे हा इथे अपव्यय ठरत नाही. सारी पद्धत त्यावरच उभी आहे.

ही पद्धत आकड्यांतली चूक पकडते, पण जाळ्याचा नकाशाच चुकीचा असेल तर ती भलत्याच मापकाकडे बोट दाखवते. आमच्या केंद्रात एकदा एका ब्रेकरची (वाहिनी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचची) स्थिती कळेनाशी झाली म्हणून ती आम्ही हाताने ‘बंद’, म्हणजे जोडलेली, अशी नोंदवली. पुढे देखभालीसाठी तो ब्रेकर उघडला गेला, परंतु आमची नोंद तशीच राहिली. एस्टिमेटर, म्हणजे स्टेट एस्टिमेशन करणारा संगणकीय कार्यक्रम, शेजारच्या उपकेंद्रातील मापक संशयास्पद ठरवत राहिला आणि आम्ही दोन तास त्या निर्दोष मापकावर शंका घेत बसलो. शेवटी उपकेंद्रातल्या ऑपरेटरला दूरध्वनी केला, तेव्हा उलगडा झाला.

अशाच प्रकारच्या चुकीची किंमत १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत फार मोठी ठरली. ओहायोसह मध्य-पश्चिमेकडील ग्रिडवर देखरेख ठेवणाऱ्या समन्वय केंद्रात दुपारी सव्वाबाराच्या सुमारास एस्टिमेटरचे उत्तर मर्यादेबाहेर गेले, कारण बंद पडलेली एक २३० केव्ही वाहिनी संगणकाच्या नकाशात चालूच होती. विश्लेषकाने दुरुस्तीसाठी दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारी गणना थांबवली, चूक सुधारली, आणि ती गणना पुन्हा सुरू करायचे राहून गेले. हे २ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास लक्षात आले, तोवर आणखी एक ३४५ केव्ही वाहिनी नकाशाला न कळवता तुटलेली होती, त्यामुळे उत्तर पुन्हा जुळेना. ३ वाजून ५ मिनिटांपासून पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात ओहायोतील तीन ३४५ केव्ही वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बाद झाल्या, तेव्हा ‘आता आणखी एक वाहिनी गेली तर काय होईल’ या गणनेला आधारच उरला नव्हता. स्थानिक वितरण कंपनीची अलार्म प्रणालीही सव्वादोनपासून निकामी होती. एस्टिमेटर ठीक झाला तो ४ वाजून ४ मिनिटांच्या सुमारास. पुढच्या दोन मिनिटांत साखळी सुरू झाली आणि अमेरिका-कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. या घटनेचा चौकशी अहवाल मी अनेकदा वाचला आहे, आणि दरवेळी त्या राहून गेलेल्या एका कळीपाशी थांबतो.

दूरवरची मापने केंद्रात गोळा करणाऱ्या नेहमीच्या स्काडा प्रणालीत सर्व मापने एकाच क्षणाची नसतात आणि दोन ठिकाणच्या दाबांमधला कोन, म्हणजे एकाची लहर दुसऱ्याच्या किती पुढे वा मागे आहे ते, थेट मोजता येत नाही. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेल्या अरुण फडके यांनी व्हर्जिनिया टेकमध्ये सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये पीएमयू (फेझर मेजरमेंट युनिट) हे उपग्रहाच्या वेळेशी जुळवून मापन करणारे उपकरण तयार केले, त्यामुळे हा कोन मोजमापाच्या कक्षेत आला. उपग्रहाकडून मिळणाऱ्या वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तरी ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये कोनात फक्त ०.०१८ अंशाचा फरक पडतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ च्या ग्रिड कोसळण्याच्या चौकशीत मोजक्या ठिकाणच्या पीएमयू नोंदी उपयोगी पडल्या होत्या.

तरीही नकाशा खरा ठेवण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे. म्हणून पाळी हाती घेताना मी आधी मोठा पडदा पाहत नाही. हाताने भरलेल्या स्थितींची यादी उघडतो, आणि प्रत्येक नोंदीपुढच्या उपकेंद्राला दूरध्वनी करून ब्रेकर आत्ता खरोखर कसा आहे ते विचारतो.