तुम्ही विचारलंत म्हणून: लघवी तर स्वच्छ होते, मग किडनी खराब कशी?

सांगलीत एका डायलिसिस युनिटमध्ये मी टेक्निशियन आहे. नवा पेशंट आला की घरच्यांचा हा प्रश्न ठरलेला. मागे एका मावशींनी तर नवऱ्याच्या लघवीची बाटलीच आणली. खिडकीकडं धरून म्हणाल्या, "बघा की, पाण्यागत हाय."

तीच तर गडबड होती. पाण्यागत होती, कारण तिच्यात बहुतेक पाणीच होतं.

किडनी म्हणजे चाळण, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं. धडधाकट माणसाच्या दोन्ही किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. रक्तातला पातळ भाग सगळा मिळून जेमतेम ३ लिटर, म्हणजे तोच दिवसात साठेक वेळा गाळला जातो. आणि लघवी होते दीडेक लिटर. बाकीचं परत रक्तात जातं.

दिवाळीच्या आधी आई अख्खं घर अंगणात काढायची आणि कामाचं तेवढंच परत आत न्यायची. किडनीचं तसंच आहे. रक्तपेशी आणि बहुतेक प्रोटीन आतच राहतात. मीठ, साखर, पोटॅशियम, युरिया सगळं बाहेर येतं. मग बारीक नळ्या त्यातलं निवडून आत घेतात. साखर जवळजवळ सगळी, मीठ आणि पाणी लागेल तेवढं. उन्हात ऊस तोडून आलेल्याची लघवी गडद पिवळी होते, ती किडनीनं पाणी राखलं म्हणून. बिघडलेल्या किडनीला ही निवड जमत नाही. पाणी सुटतं, कचरा मागं राहतो. वर क्रिएटिनिनही लबाड. हा रक्तातला कचराच, किडनी किती चालते ते याच्यावरून तपासतात. निम्मं काम थांबेपर्यंत ते बऱ्याचदा नॉर्मलच दिसतं.

पोटॅशियमचं तर विचारूच नका. रक्तात ते ३.५ ते ५ च्या आसपास हवं. तासगावकडचे आमचे एक आबा डायलिसिसच्या दोन दिवसांच्या खंडानंतर मंगळवारी आले ते भिंत धरतच. "पायात जीवच न्हाई." रिपोर्ट आला, ६.८. शेडवर बेदाणा निवडता निवडता मुठीमुठीनं तोंडात टाकला होता. मी ओरडलो तर म्हणे, "घरचाच हाय, औषध न मारल्याला." औषध मारा नाहीतर नका मारू, बेदाण्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं आणि ते वाढलं की हृदय कुठल्याही क्षणी दगा देतं. ईसीजी काढला, ताबडतोब मशीनवर घेतलं.

मशीन आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं. किडनीची ड्युटी १६८ तासांची.

हे सगळं ऐकून मावशींनी बाटली पिशवीत घातली. "मग पाणी जास्त पाजू का?"

नको, म्हटलं. किती पाजायचं ते डॉक्टर रोजची लघवी आणि वजन बघून सांगतील. बाटली टाकू नका, मापाला लागेल.