मागायला काय शिकायचं असतं?

मागच्या लग्नसराईत जळगावला पंगतीत एका काकूंनी विचारलं, "ताई, तुम्ही दवाखान्यासाठी देणग्या गोळा करता ना? मग ते ट्रेनिंग कशाला? पैसे मागायला काय शिकायचं असतं?" हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. काकूंचे भाऊ आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयाला नेमाने देणगी देतात. भावाने दिलेला पैसा ट्रेनिंगवर जातो की रुग्णावर, ही त्यांची काळजी होती, आणि ती रास्त आहे. म्हणून सांगते.

मी या कामात आले तेव्हा मलाही असंच वाटायचं. बोलता येतं, ओळखी आहेत, पावतीपुस्तक हातात आहे, अजून काय हवं? पहिल्या वर्षी मी एका लहान मुलाचा फोटो देणगीच्या पत्रकावर छापला. सलाईन लावलेलं, डोळे खोल गेलेले. पत्रकाला प्रतिसाद चांगला आला. मूल बरं होऊन घरी गेलं. पाच-सहा महिन्यांनी त्याचे वडील साक्री तालुक्यातून एसटीने आले, कुणाच्या तरी मोबाइलवर आलेलं ते पत्रक त्यांनी मला दाखवलं आणि विचारलं, "मन्हा पोऱ्याना फोटू तुम्हीन कसाले वाटा?" म्हणजे, माझ्या पोराचा फोटो तुम्ही कशाला वाटलात? आवाज चढलेला नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिकायला पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग शोधलं, तर लक्षात आलं की जगात या कामाचा रीतसर अभ्यास आहे. अमेरिकेत निधी संकलन करणाऱ्यांची संघटना 1960 पासून आहे, फक्त रुग्णालयांसाठी काम करणाऱ्यांची वेगळी संघटना 1967 पासून. तिथे परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं आणि दर तीन वर्षांनी, मधल्या काळात काय शिकलात ते दाखवून, त्याचं नूतनीकरण करावं लागतं. 1993 मध्ये त्यांनी देणगीदाराच्या हक्कांची सनद काढली. आपला पैसा ज्यासाठी दिला त्यासाठीच वापरला गेला याची खात्री मिळणं, संस्थेचे आर्थिक ताळेबंद पाहायला मिळणं, मागणारा पगारी आहे की स्वयंसेवक हे विचारता येणं, असे दहा हक्क. वाचताना मला सारखं वाटत होतं, काकूंचा प्रश्न यातलाच आहे.

त्यांच्या आचारसंहितेतली एक गोष्ट मी इथे तंतोतंत पाळते. जमवलेल्या रकमेवर टक्केवारी घ्यायची नाही. आमच्याकडेही एका हितचिंतकांनी सुचवलं होतं, "पगार कशाला, शंभरामागे दहा द्या, माणूस जास्त पळेल." पळेल, खरंच. पण माझं घर त्या दहावर चालणार असेल, तर समोरच्याच्या घरात यंदा आजारपण आहे, त्याला थांबायला सांगावं, हे मला सुचेल का? मी पगार घेते. ठरलेला, आणि विचारेल त्याला सांगता येईल असा.

बाहेरचं सगळंच मात्र इथे जसंच्या तसं लागू होत नाही. कार्यशाळेत सांगतात, मार्चअखेर 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी, सवलत पुढे करा. जळगावच्या सराफाला किंवा डाळमिलवाल्याला ती समजते, आणि हल्ली तो उलट विचारतो, मी नव्या करप्रणालीत आहे, मग मला सवलत मिळेल का? नाही मिळत. हे आधीच सांगायला हवं. रोख देणगी 2,000 रुपयांच्या वर असेल तरीही नाही. आणि रावेर-यावलच्या केळीवाल्या शेतकऱ्याचं मुख्य उत्पन्नच करमुक्त, त्याला 80जी घेऊन काय करायचंय? त्याचं वर्ष मार्चला संपत नाही. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशेब अखाजीला, अक्षय्य तृतीयेला होतो. मृगबागेच्या, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या, केळीचा पैसा उन्हाळ्यात हातात येतो, आणि त्याच दिवसांत वळवाचं वादळ येऊन घडांनी लदलेली बाग एका रात्रीत आडवी होते. अशा आठवड्यात त्याच्या बांधावर पावतीपुस्तक घेऊन जाणं मला पाप वाटतं. जायचं ते नुसतं बघायला, भेटायला. हे मी एका जुन्या विश्वस्तांकडून शिकले, त्यांच्याबरोबर गावोगाव फिरून. मी तेही प्रशिक्षणच मानते.

कागदाचं शिकणंही संपत नाही. 2021-22 पासून देणग्यांचं विवरणपत्र भरून प्रत्येक देणगीदाराला 31 मेपर्यंत प्रमाणपत्र द्यावं लागू लागलं. पॅनचा एक आकडा चुकला की त्या माणसाची सवलत अडते. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी घ्यायचा तर 1 एप्रिल 2021 पासून आधी संस्थेची वेगळी नोंदणी लागते. आमच्या हिशेबाच्या टेबलावरच्या मुलाला यासाठी नाशिकला दोन दिवस पाठवलं, तेव्हा विश्वस्तांच्या बैठकीत त्या खर्चावर अर्धा तास चर्चा झाली. झाली ते बरं झालं. माझं म्हणणं एवढंच होतं, डायलिसिसच्या तंत्रज्ञाला आपण नवं मशीन शिकवतो, तो खर्च रुग्णावरचाच धरतो. हाही तसाच धरा. शेवटी धरला.

आता फोटोआधी आमच्याकडे संमतीचा कागद असतो. तो सही घेण्यापुरता पुढे करत नाही, अहिराणीत वाचून दाखवतो आणि 'नाही' म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हे पहिल्याच ओळीत सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका आईने ऐकून घेतलं, लेकराच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान हलवली. नको म्हणाली. पत्र फोटोशिवाय गेलं.