शपथेआधीची दोन नावे

३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेण्यापूर्वी एकनाथ शिंदे यांनी बाळासाहेब ठाकरे आणि ठाण्याचे दिवंगत शिवसेना नेते, आपले गुरू आनंद दिघे यांचे स्मरण केले, तेव्हा आम्हा ठाणेकरांना, आमचे मत कोणत्याही बाजूचे असो, त्या दोन नावांमागचा मजकूर न सांगता कळला. ठाण्यात टेंभी नाक्यावरून ये-जा करणाऱ्याला दिघे कोण होते हे समजावून द्यावे लागत नाही. शिवसेनेतील बंड ताजे असताना वारसा कोणाचा, या वादातली आपली बाजू शिंदे यांनी त्या उच्चारातच मांडली होती.

अमेरिकेत शपथ वेगळी आणि त्यानंतरचे भाषण वेगळे. आपल्याकडे मंत्र्याच्या शपथेचा मसुदा संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीने ठरवून दिला आहे आणि भाषणाची तरतूद त्यात नाही. त्यामुळे नेत्याला जे बोलायचे असते ते ‘मी’ या शब्दाआधीच्या क्षणभराच्या जागेत बसवावे लागते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनीही छत्रपती शिवाजी महाराजांना वंदन करून आणि आई-वडिलांना स्मरून शपथ घेतली होती. त्याच वर्षी ३० डिसेंबरला काँग्रेसचे के. सी. पाडवी यांनी मंत्रिपदाच्या शपथेला स्वतःच्या शब्दांची जोड दिली, तेव्हा मात्र राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली.

मला या प्रथेत एक विसंगती दिसते. ‘कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ वागण्याचे वचन देण्याच्या उंबरठ्यावरच नेता आपले ममत्व कोठे आहे हे जाहीर करतो. कृतज्ञता म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण ज्यांनी त्याला मत दिले नाही, त्यांना त्या नावांत आपली जागा सापडत नाही.

‘आकस न बाळगता’ म्हटले की मला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे ४ मार्च १८६५ चे, दुसऱ्या शपथविधीचे भाषण आठवते. यादवी युद्ध संपत आले होते, विजय दिसत होता, आणि तरीही सुमारे सातशे शब्दांच्या त्या भाषणात लिंकन स्वतःला ‘मी’ म्हणून जेमतेम एकदा समोर आणतात. दोन्ही बाजूंना युद्ध नको होते, हे सांगून, आणि एका बाजूने तरीही ते पुकारले व दुसरीने पत्करले, हा फरक न लपवता, ते थांबतात ते ‘आणि युद्ध आले’ अशा अर्थाच्या चिमुकल्या वाक्यावर, ज्यात कर्ता युद्धच आहे. गुलामगिरी हा अपराध ते केवळ बंड करणाऱ्या दक्षिणेतील राज्यांच्या माथी मारत नाहीत, साऱ्या देशाच्या पदरात घालतात. म्हणूनच शेवटी आलेले ‘कोणाविषयीही आकस न धरता’ हे आवाहन जेत्याचे औदार्य वाटत नाही.

आपल्या राष्ट्रपतींना मात्र शपथेनंतर भाषणाची संधी मिळते. २५ जुलै २०२२ रोजी द्रौपदी मुर्मू यांनी ‘जोहार’ या आदिवासी अभिवादनाने सुरुवात केली आणि आपली निवड हे देशातील प्रत्येक गरिबाचे यश असल्याचे सांगितले. तिथेही ओळख आधी आली, पण ती लगेच इतरांसाठी खुली झाली.

मुख्यमंत्र्याचे पहिले मोठे भाषण बहुधा विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सभागृहात होते. शिंदे यांचेही तसेच, ४ जुलैला, तासाभराहून अधिक चालले. समोर विरोधी बाके असल्याने अशा भाषणाला उत्तर-प्रत्युत्तराचा सूर लागतो, टोमणे येतात, हशा पिकतो, आणि साऱ्या राज्याला उद्देशून बोलायचे भाषण आपल्या वाट्याला येतच नाही.