तुम्ही विचारलंत म्हणून: अळम्यांचा भात कधी?

मी व्हिडिओ गेममधले पदार्थ घरी करून बघते. चणक माशाचा भात केला तरी तेच, गुलाबी केक केला तरी तेच. फोटो दाखवला की कुणीतरी म्हणतंच, "छान झालंय, पण मश्रूम रिसोटो कधी?" मागच्या चवथीला एका ओळखीच्या मुलाने आरती संपायच्या आत हे विचारलं. 'झेल्डा' गेममधले पदार्थ करणाऱ्या बाईने अळमीच, म्हणजे मश्रूमच, केली नाहीत, म्हणजे गोव्यात राहून मासे खाल्ले नाहीत म्हणण्यासारखं आहे, असं त्याचं मत. चुकीचं नाही ते. झेल्डाच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये जिकडेतिकडे अळमी. झाडाखाली, गवतात, कड्याला चिकटलेली. वाकायचं, उचलायचं, भांड्यात टाकायचं. मी आजवर "बघू", "लोणी संपलंय", "पाऊस लागू दे" म्हणत आले. आता एकदाच सांगते, मग विचारू नका.

आधी नेहमीचे प्रश्न उरकते. वय 43. हो, अजून खेळते. घरी मी आणि आई मिळून रांधतो, तेव्हा "घरचं कोण करतं?" हे आधी गेम खेळणाऱ्या पुरुषांना विचारून या. "गोव्यात खऱ्या पदार्थांची कमी आहे का?" नाही. शाकुती येते मला, खतखतंही येतं. पण खतखत्यात एक भाजी कमी पडली तर आई, मावशी आणि शेजारची काकू तिघी तीन दिशांनी सांगतात. गेममधला पदार्थ कुणाच्याच माहेरचा नसतो. तो कसा लागायला हवा हे सांगायला कुणी येत नाही. मला एवढंच हवं होतं.

शिवाय त्यात डोकं लागतं, हे कुणी धरतच नाही. माइनक्राफ्टच्या केकला 3 बादल्या दूध, 3 गहू, 2 साखर आणि 1 अंडं. करून दाखवा. स्टारड्यू व्हॅलीतल्या गुलाबी केकला एक मेलन, एक पीठ, एक साखर, एक अंडं; लोणी नाही, सोडा नाही, भट्टी किती तापवायची ते नाही. मी पर्रा गावचं कलिंगड घेतलं, त्याचा रस आटवून आटवून पाकासारखा केला, तेव्हा कुठे चौथ्या खेपेला केक बसायचा थांबला. झेल्डात भांड्यात एका वेळी पाचच वस्तू जातात, प्रमाण नाही, कृती नाही. सगळं उड्या मारतं, ठोक्यांची धून वाजते आणि ताट तयार. सुरुवातीलाच एक म्हातारा भेटतो, त्याला आवडत्या पदार्थातले दोन जिन्नस आठवतात आणि तिसरा आठवत नाही. माझी आजी शेवटच्या वर्षी अशीच होती. "तेफळं, सुकं खोबरं आणि... ते गो, ते." ते काय, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

तर त्या खेळात एक सोय आहे. भलतंसलतं एकत्र केलंत तर 'ड्युबियस फूड' होतं. त्याचं चित्रसुद्धा गेम नीट दाखवत नाही, टीव्हीवर अपघात झाकतात तसं चौकोनाचौकोनांनी झाकतो. खाली लिहिलेलं असतं की खाऊन काही होणार नाही, बहुधा. आणि खरंच होत नाही, उलट थोडा जीव भरतो. 2021 मध्ये, सगळे घरी अडकलेले असताना, मी भाच्याला हेच शिकवत होते. तो तेव्हा सात वर्षांचा. "स्वयंपाकात घाबरायचं नाही रे. चुकलं तर चुकलं, फार तर चौकोनी होईल." मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटायचं. त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, माझं अजून भांडण आहे. ती म्हणते, पोराची भीती गेली, नवव्या वर्षी तो पोळी लाटायला लागला. मी म्हणते, पुढचं सांग.

पुढचं 2023 चं. मे महिन्यात झेल्डाचा पुढचा गेम, 'टिअर्स ऑफ द किंगडम', आला होता. मस्कतहून मामेभावाने आणलेल्या स्विच या गेमच्या यंत्रावर आम्ही दोघं शनिवार-रविवार तोच खेळत असू. दादा त्याला शुक्रवारी फोंड्याहून वाळपईला आणून सोडायचा. जुलैचा शेवट. 1 जूनपासून मासेमारीला बंदी, आणि वर अधिक श्रावण, त्यामुळे आईने मासळी घरात येऊच दिली नव्हती. रविवारी ती सकाळीच देवळात गेली, तिथेच प्रसादाला बसणार होती. पाऊस थोडा उघडला होता. भाचा म्हणाला, "आत्या, आज रिसोटो." अळमी, तांदूळ, बकरीचं लोणी, मीठ. बकरीचं लोणी कुठून आणणार, घरचं लोणी होतं. अळमी रस्त्यावर घ्यायची तर डोंगरातल्या बायका पानांत बांधून विकायला बसतात, पण त्या रविवारी नाक्यावर कुणीच नव्हतं. एरवीही भाव ऐकून माणूस पुढेच जातो.

आणि कुळागरात, आमच्या बागायतीत, अळमी होती.

हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण नंतर सगळ्यांनी विचारलं, "तुला दिसलं कसं नाही?" दिसलं. नीट दिसलं. माडाखालच्या गवतात सात-आठ पांढऱ्या छत्र्या, तळहाताएवढ्या, मधोमध तपकिरी खवले. दहा पावलांवर वारूळ होतं. आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून रोयण अळमी. वारुळावरची खायची, हे मला लहानपणापासून ठाऊक. दहा पावलं म्हणजे वारुळावरच नाही का? असं मी स्वतःला विचारलं आणि स्वतःच हो म्हटलं. खऱ्या रोयण अळम्याला खाली लांब मुळासारखा दांडा असतो, तो जमिनीतून थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो. उपटताना तो तुटतो तेव्हा हाताला कळतं. ही अळमी अलगद आली. भाच्याने उचलली ना, तशीच, गेममध्ये येतात तशी. त्याने प्रत्येक वेळी तोंडाने आवाजही काढला.

वर मी परीक्षाही घेतली, म्हणजे बेफिकीर होते असंही म्हणता येत नाही. भांड्यात चांदी टाकायची, काळी पडली तर विष. हे कुठून आलं माहीत नाही, पण घराघरात आहे. मी भाच्याच्याच उष्टावणाचा चांदीचा चमचा काढला. पाणी उकळलं, अळमी टाकली, चमचा टाकला. चमचा लख्ख. भाचा टाळ्या वाजवायला लागला. या परीक्षेला काडीचा अर्थ नाही, चांदीला अळम्यातलं विष कळत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरने सांगितलं.

भात चांगला झाला होता. हेही लिहूनच टाकते, कारण कुणाला सांगता येत नाही. पडवीत चूल मांडली होती, लोण्यावर अळमी परतली, उकडे तांदूळ थोडं थोडं पाणी घालत शिजवले, वर मिरी. वास असा की शेजारचं कुत्रं दारात येऊन बसलं. भाच्याने दोनदा घेतला. मी कमी खाल्ला, कारण मी फोटो काढत होते.

जेवलो साडेबाराला. सव्वादोनला त्याला पहिली उलटी झाली. मला वाटलं जास्त खाल्लं. दुसरी झाली, तिसरी झाली, मग थांबेचना. अडीचला मलाही सुरू झालं, पण मला माझं काही आठवत नाही. आठवतं ते त्याचं पोटाशी पाय घेऊन मोरीच्या फरशीवर पडणं आणि त्याचे थंड तळवे. शेजारच्या काकांनी गाडी काढली. वाटेत पाऊस एवढा कोसळला की वायपर चालून उपयोग नव्हता. मी सारखी म्हणत होते, "काका, हळू," आणि लगेच, "काका, लवकर."

इस्पितळात पहिला प्रश्न, "केन्ना खाल्लें?" मला वाटलं होतं विचारतील काय खाल्लं. तेही विचारलं, पण आधी वेळ. दोन तासांच्या आत उलट्या लागल्या हे ऐकून डॉक्टरचा चेहरा जरा सैल झाला. त्याने समजावलं: लगेच उलट्या होतात ती अळमी बहुधा पोट धुऊन काढतात आणि सोडतात. सहा, आठ, बारा तासांनी जी सुरू होतात, ती यकृताला धरतात. "पण सगळी अळमी एकाच जातीची होती का?" मला सांगता येईना. सात-आठ होती. मी बघितलं होतं का प्रत्येक? म्हणून त्याला दोन दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं, यकृतासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. ते दोन दिवस मी घड्याळाकडे बघत काढले. सहा तास झाले. आठ. बारा. रात्री त्याने एकदा डोळे उघडून विचारलं, "आत्या, चौकोनी झालं?"

दादा संध्याकाळीच पोचला होता. तो काही बोलला नाही. वहिनी बोलली, तेही शांतपणे. "तुला ओळखता येत नव्हतं, तर विचारायचं होतंस कुणाला तरी." यात एक शब्द चुकीचा नाही. ती ओरडली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

दुसऱ्या सकाळी कपडे न्यायला घरी गेले. एक छत्री न चिरता स्टीलच्या ताटलीत उपडी राहिली होती. ती उचलली तर खाली ताटलीवर हिरवट पूड, चाकाच्या आऱ्यांसारखी उमटलेली. पांढऱ्या अळम्याच्या पोटात हिरवं. रात्रभर ताटलीत ठेवलं असतं तर आदल्या दिवशीच दिसलं असतं. एवढंच करायचं होतं. ती ताटली मी घासली, पुन्हा घासली, आणि शेवटी कुळागरात नेऊन टाकली. आई अजून विचारते, ताटली कुठे गेली.

भाचा तिसऱ्या दिवशी घरी गेला. ठणठणीत. त्या चवथीला दादा एकटाच आला.

नातेवाइकांनी गेमला धरलं. "पोरांना त्या गेमचं वेड लावलं की असंच." इथे मला राग येतो, अजून येतो. गेमने कुळागरात जायला सांगितलं नव्हतं. चांदीचा चमचा गेममध्ये नाही. वारुळापासून दहा पावलं हा हिशेब माझा, आणि तो मी केला कारण मी इथली, मला अळमी कळतात, ही माझी घमेंड. परगावच्या माणसाने हात लावला नसता. पण मग एकटी असताना मलाच आठवतं की वाकून उचलण्याची ती सवय, न बघता, न विचारता, ती कुणी लावली? शेकडो तास मी तेच करत होते. तिथे एकही अळमं विषारी नाही. म्हणजे गेमचा दोष? नाही. थोडा? मला ठरवता आलेलं नाही, आणि तुम्ही ठरवून देऊ नका.

त्याच जुलैच्या 31 तारखेला 'वेंबा' हा गेम आला. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईने दिलेली वही फाटलेली, शाई पसरलेली, आणि गेलेल्या ओळी आपण ओळखायच्या. इतके दिवस लोक म्हणायचे, गेममध्ये आपलं काहीच नसतं. तर हा आला, इडली-पुट्टूचा. मी तो एका बैठकीत संपवला. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून करायला मिळतं. त्यातलं मी आजवर काही केलेलं नाही.

मला एक सोपं उत्तरही देता आलं असतं. अळम्यांचे अभ्यासक डॉ. नंदकुमार कामत वर्षानुवर्षं सांगत आलेत की रोयण अळमी ओरबाडू नका, जंगलासाठी ती वाळवी आणि ती अळमी दोन्ही लागतात. "पर्यावरणासाठी मी करत नाही" म्हटलं असतं तर तुम्ही वाहवा केली असती. एकदोघांना म्हटलंही. ते खरं नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं खरं, माझं कारण खोटं.

"मग बाजारातली पांढरी बटन मश्रूम घे ना." घेतली. दोनदा घेतली. पहिल्या वेळी वरचं प्लास्टिक काढलं आणि एकेक उलटी करून बघत बसले, सगळी. मग तो डबा काकूला देऊन टाकला. दुसऱ्या वेळी आईनेच भाजी करून टाकली, मला न सांगता, आणि मी जेवले. काही झालं नाही. पण तो रिसोटो नव्हता, भाजी होती.

भाचा आता मोठा झालाय. पुन्हा येतो, चवथीला येतो, उन्हाळ्यात येतो. ती गोष्ट तो शाळेत सांगतो म्हणे, त्यात तो बारा तास बेशुद्ध असतो आणि मी रडते. झेल्डा खेळत नाही, त्याला आता फुटबॉल हवा असतो. मागच्या खेपेला फ्रीज उघडून उभा होता आणि सहज म्हणाला, "आत्या, तो भात भारी होता हां." मी म्हटलं, फ्रीज बंद कर.

तर अळम्यांचं असं आहे. 1 ऑगस्टला ट्रॉलर सुटतील, मग चांगला चणक मिळेल. तिसऱ्या, म्हणजे शिंपले, घालून त्याचा भात, लोणी थोडं जास्त. त्याचं काय विचारायचं ते विचारा.