तुम्ही विचारलंत म्हणून: साठीतला बँड, समोर तांबडा-पांढरा

प्रश्न साधारण असा असतो. इंजिनिअरिंगला असताना आमचा बँड होता, डीप पर्पल, डायर स्ट्रेट्स, पिंक फ्लॉइड वाजवायचो. आता पोरं मार्गी लागली, गिटारी माळ्यावरून खाली आल्या, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतला नाहीतर ताराबाई पार्कातला एक हॉटेलवाला म्हणतोय, शनिवारी रात्री आमच्याकडं वाजवा. पण लोक तिथं मटण खायला येणार. जमेल का?

जमतं. फक्त विशीत जे जे वर होतं ते खाली आणायची तयारी हवी. आणि सुरुवात पट्टीपासून करायची.

वयाबरोबर स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होत जातात, स्वरतंतूंची लवचीकता कमी होते आणि वरचे स्वर आधी जातात. तालमीत दोन गाणी मूळ पट्टीत निघतात म्हणून फसू नका, सातव्या गाण्याला गळा चिरतो. मूळ गाणं गिटारच्या ई मध्ये असेल, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनला, तर ते काळी दोनला उतरवा. तरीही ओढाताण वाटली तर सरळ पांढरी दोन. यात कमीपणा कसला? अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात दरबार गायक होते, त्या गावातल्या श्रोत्याला गवयाची पट्टी वयाप्रमाणं उतरते हे समजावून सांगावं लागत नाही. मोठे रॉकवालेही हेच करतात. लेड झेपलिन १० डिसेंबर २००७ ला लंडनमध्ये पुन्हा एकत्र वाजले, तेव्हा काही गाणी त्यांनी मूळ पट्टीच्या खाली घेतली होती. डीप पर्पलच्या इयन गिलननं तर आपलं सगळ्यात उंच किंकाळीचं गाणं मंचावर गाणं फार पूर्वीच थांबवलं. लोक तरीही त्याला ऐकायला जातात.

पट्टी उतरवताना गिटारवाल्यानं एक हिशेब ध्यानात ठेवायचा. तारा अर्धा स्वर सैल केल्या की त्यांचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्वर सैल केल्या तर जवळपास २१ टक्के. तार मग पडद्यावर खरखरते आणि जरा जोरात छेडली की सूर वर सरकतो. म्हणून नऊचा संच (सगळ्यात पातळ तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) काढून दहाचा घाला. दहाचा संच पूर्ण स्वर उतरवूनसुद्धा वरच्या तारेचा ताण जवळजवळ पहिल्याएवढा येतो. तारा बदलल्यावर बाराव्या पडद्यावर सूर तपासा, तिथं चूक असेल तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून घ्या. हे सगळं आठवडाभर आधी. कार्यक्रमाच्या दिवशी घातलेल्या नव्या तारा रात्रभर उतरत राहतात. कीबोर्डवाल्याचं काम सोपं, ट्रान्सपोजचं बटण उणे एक. पण ते दाबलंय हे कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवा. दोन गाण्यांनंतर कुणीतरी ते विसरतं आणि तिसरं गाणं अर्ध्या स्वराच्या फरकानं सुरू होतं.

आता आवाज. समोरासमोर बसून माणसं बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. नेहमीच्या काठ्यांनी वाजवलेला ड्रमसेट कुठल्याही माइकशिवाय १०० च्या आसपास जातो. हॉटेलच्या हॉलमध्ये खाली गुळगुळीत फरशी, दोन बाजूंना काच, वर जिप्समचं छत, म्हणजे आवाज शोषणारं काहीच नाही. अशा हॉलमध्ये संगीत ८० वर गेलं की टेबलावरची माणसं ओरडून बोलू लागतात, स्वतःचं ऐकू येईना म्हणून बँड आवाज वाढवतो, मग ती आणखी ओरडतात. पंधरा मिनिटांत सगळं हाताबाहेर जातं. मधल्या टेबलावर ७० च्या आत राहायचं हे आधीच ठरवा. मोबाइलवरचं मोजमाप अगदी अचूक नसतं, पण या कामाला पुरतं.

७० च्या आत राहायचं तर ड्रमवाल्याला पहिला त्याग करावा लागतो. काठ्यांऐवजी पातळ काड्यांची जुडी किंवा ब्रश, स्नेअरवर (ठोक्याच्या छोट्या ड्रमवर) घडी घातलेला रुमाल, आणि क्रॅश झांज एकच. इथं चार्ली वॉट्सचा हात नीट बघण्यासारखा आहे. रोलिंग स्टोन्सचा हा ड्रमवादक २४ ऑगस्ट २०२१ ला वयाच्या ८० व्या वर्षी गेला. तो मनानं जॅझचा माणूस. एवढ्या मोठ्या मैदानांवर वाजवूनही त्याचा सेट शेवटपर्यंत छोटाच राहिला. उजव्या हातानं हाय-हॅट (पायानं उघडमीट करायची झांजांची जोडी) चालू असायची, पण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या हातानं स्नेअर मारताना तो उजवा हात वर उचलून घ्यायचा, हाय-हॅटवर मारायचाच नाही. त्यामुळं स्नेअर एकटी, स्वच्छ ऐकू यायची. जोर न लावता ठोका उठून दिसतो तो असा. सवय नसलेल्याला सुरुवातीला हात अडखळतो, पण पंधरा दिवस रोज वीस मिनिटं संथ लयीत केलं की बसतो. जेवणाच्या हॉलसाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

गिटारच्या अँपचं तोंड गिऱ्हाइकाकडं नको. पाच वॅटचा अँप खुर्चीवर मागं कलता ठेवा, म्हणजे तो वाजवणाऱ्याच्या कानावर येईल आणि तो आपण होऊन आवाज कमी करेल. जमिनीवर ठेवला तर आवाज त्याच्या पोटऱ्यांना लागतो आणि पहिल्या टेबलाच्या कानात घुसतो. आणखी एक गोष्ट वाईट न वाटून घेता मान्य करायची. साठीच्या कानाला वरच्या कंपनसंख्या, चार हजार हर्ट्झच्या पुढच्या, कमी ऐकू येतात, आणि ज्यानं तरुणपणी अँपशेजारी दिवस काढले त्याला आणखी कमी. त्यामुळं आपल्याला गोड वाटेपर्यंत ट्रेबल वाढवलं, की समोरच्या बारा वर्षांच्या पोराला ते टोचतं. पोराला किंवा भाचीला मधल्या टेबलावर बसवा आणि ट्रेबल त्यांच्या सांगण्यावरून लावा.

स्पीकरही दोन मोठे लावून वाजवण्यापेक्षा चार छोटे लावून हळू वाजवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे ६ फुटांवरचं टेबल आणि २४ फुटांवरचं टेबल यांत १२ डेसिबलचा फरक. बंद हॉलमध्ये तो थोडा कमी भरतो, तरी पुढचे कान धरून बसतात आणि मागच्यांना काही कळत नाही. स्पीकर डोक्याच्या वर, तोंड किंचित खाली. कोपऱ्यात अजिबात नको, तिथं खर्ज फुगतो.

मंचाची जागा ठरवताना मात्र आधी स्वयंपाकघर बघा. कोल्हापुरी भटारखान्यात कांदा-लसूण मसाल्याची फोडणी पडली की ठसका दारातून बाहेर येतो, आणि गाणाऱ्यानं नेमका तेव्हाच श्वास घेतलेला असतो. दारापासून निदान वीस फूट लांब उभे राहा. वीज वेगळ्या लाइनची मागा. फ्रीजचा काँप्रेसर आणि डिमरचे दिवे त्याच फेजवर असले तर गिटारमध्ये गुणगुण येते. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत, ते कधीही करू नका. माइकची जाळी आणि गिटारच्या तारा यांच्यामध्ये मीटर लावून बघा, काटा शून्याजवळ पाहिजे. तिथं व्होल्टेज दिसत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाणाऱ्यानं माइकला ओठ लावायचा नाही. यातून माणसं मेली आहेत.

आता ताटाचं. तांबड्याला मटणाची चरबी आणि कट वर असतो, गरम आहे तोवर त्याला तोड नाही. दहा मिनिटं वाटी तशीच राहिली की वर तवंग गोठतो आणि जिभेला चिकटतो. पांढरा त्याहून नाजूक. त्यात नारळाचं दूध असतं, गार झाला म्हणून परत आत पाठवला आणि घाईत मोठ्या आचेवर उकळला की फुटतो. म्हणजे तुमचं गाणं इतकं ओढून घेणारं असेल की लोक घास हातात धरून बसले, तर तुम्ही आचाऱ्याच्या चार तासांच्या कामावर पाणी ओतलं. जी गाणी सगळ्यांना तोंडपाठ आहेत, ज्यांना टाळ्या पडणार आहेत, ती ऑर्डर दिल्यानंतरच्या रिकाम्या वेळेत वाजवा किंवा शेवटी सोलकढीच्या वेळी. वाढप चालू असताना मध्यम लयीची, मिनिटाला ८५ ते १०० ठोक्यांची, गाणं कमी आणि गिटार जास्त अशी. डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लरच्या बोटांनी छेडलेल्या वळणाची गाणी इथं शोभतात. सोलो आठ बारचा (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचं एक माप), फार तर सोळा.

जोरकस गाणं संथ केलं तर त्याचा जीव जातो, ही भीती अनेकांना असते. गिटारवादक एरिक क्लॅप्टननं १९९२ च्या अनप्लग्ड मैफलीत स्वतःचंच १९७० चं तडफदार गाणं बसून, अकूस्टिक गिटारवर, झुलत्या चालीत गायलं. कित्येकांना तेच जास्त लागलं. शिवाय समोर बसलेल्या पन्नाशीच्या माणसाच्या मनात गाण्याची जी मूर्ती आहे ती स्टुडिओतली नाहीच. ती पुण्या-मुंबईच्या मित्राकडून भरून आणलेल्या कॅसेटची आहे, तीही कॉपीची कॉपी. प्रत्येक कॉपीला वरचे स्वर थोडे पुसले जायचे, आणि टेपचा पट्टा सैल असला की सगळं गाणं जरा खाली आणि जरा हळू. त्याला जे आठवतंय ते मुळातच मऊ आणि उतरलेलं आहे. तुम्ही खाली आणलेलं गाणं त्याच्या आठवणीच्या जास्त जवळ जातं.

वेळ: सव्वाआठ ते पावणेनऊच्या पुढं पाच मिनिटं, मग वीस मिनिटं विश्रांती, मग नऊ दहा ते पावणेदहा. दोन्ही मिळून बारा-चौदा गाणी, जास्त नाही. वार शनिवार चांगला. बुधवार, शुक्रवार, रविवार हे इथले मटणाचे वार, तेव्हा मालकाला टेबल रिकामं व्हायची घाई असते. दहानंतर ध्वनिक्षेपकाचे नियम कडक होतात. बंद हॉलला त्यात थोडी सवलत आहे, पण दारं-खिडक्या उघड्या असलेल्या हॉटेलनं तिच्यावर भिस्त ठेवू नये. दुसऱ्यांची गाणी वाजवायची तर गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो. तो साधारण हॉटेलनं काढायचा असतो, पण बोली करतानाच विचारून घ्या.

शब्द टॅबवर ठेवणार असाल तर अक्षरं मोठी, काळ्या पडद्यावर पांढरी. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून स्टँडवरचं वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि त्यानंच गळा आवळतो, म्हणून स्टँड छातीच्या उंचीला आणि थोडा लांब ठेवा. बसायला उंच स्टूल घ्या.

गाणाऱ्यानं आधी तांबडा प्यायचा नाही. तिखट आणि तेल यांनी आम्ल वर येतं आणि स्वरतंतू सुजतात. सहा वाजता दहीभात, नंतर कोमट पाणी. जेवण सगळं आटोपल्यावर. व्हॉल्व्हचा अँप बंद केल्यावर हलवण्याआधी पंधरा मिनिटं निवू द्यावा लागतो, तेवढ्यात ताटं येतात. फक्त संध्याकाळी सामान लावतानाच आचाऱ्याला पाच ताटं बाजूला काढून ठेवायला सांगा. शनिवार असला तरी दहाला सुकं संपलेलं असतं.